माहिती द्या, सल्ला देऊ नका

आमच्या वर्गात तिला नावाने कुणी हाक मारत नसे. सगळे पुरवणी म्हणत. पहिल्याच चाचणीत तिने इतक्या पुरवण्या मागितल्या की पर्यवेक्षक वैतागून म्हणाले, बाई, हा अख्खा गठ्ठाच घेऊन बसा. तिने खरंच घेतला. तेव्हापासून नाव चिकटलं. मी तिच्या शेजारी बसायचे, पण त्याचं कारण मैत्री नव्हे, पंखा. वर्गात एकच पंखा धड फिरायचा आणि तो आमच्या बाकावर होता. मैत्री मागाहून झाली.

वर्ग पॅरालीगलचा. दिवसा त्या खोलीत कॉलेजची मुलं बसायची, संध्याकाळी आम्ही. आम्ही म्हणजे नवऱ्याने सोडलेल्या, नवऱ्याला सोडलेल्या, बंद पडलेल्या कारखान्यातले दोन टाइमकीपर, आणि अर्धं आयुष्य दुकानात कापड मोजून कंटाळलेली मी. पॅरालीगल म्हणजे काय, हे घरी समजावून सांगणं हाच आमचा पहिला धडा होता. वकील होणार का, तर नाही. कोर्टात बोलणार का, तर नाही. मग करणार काय? वकिलाला जे करायला वेळ नसतो ते सगळं. कागद लावायचे, पक्षकाराची हकिगत लिहून घ्यायची, तारखा सांभाळायच्या, अर्जांचे मसुदे करायचे. माझ्या सासूबाई सगळं ऐकून म्हणाल्या, म्हणजे बिनतोंडाचा वकील. त्या आयुष्यात एवढं अचूक दुसरं काही बोलल्याचं मला आठवत नाही.

बाकीचे पोटापाण्यासाठी आले होते. पुरवणीही त्यासाठीच आली होती, पण तिच्या मनात आणखी एक गोष्ट होती. तिचा घटस्फोट चालू असताना ती एकदा कोर्टाच्या लांबलचक पॅसेजमध्ये नुसती बसून राहिली होती. आपलं नाव कुठे पुकारतात, कुठल्या दारातून आत जायचं, काहीच ठाऊक नाही. वकील दुसऱ्या केसमध्ये अडकलेला. तेवढ्यात फायलींचा भारा सांभाळत चाललेली एक बाई थांबली, तिच्या हातातला कागद पाहिला आणि म्हणाली, अहो, तुमचं पुकारून झालं, पळा, उजवीकडचं दुसरं दार. पुरवणी पळाली आणि वेळेत पोचली. ती बाई वकील नव्हती, हे तिला नंतर कळलं. त्या दिवशी तिला न्यायला तिचा मोठा भाऊ आला होता. त्याने तिची ट्रंक खांद्यावर टाकली, तिला आपल्या घरी आणलं आणि मागची खोली रिकामी करून दिली. या वर्गाची जाहिरातही त्यानेच आणली होती. त्या पॅसेजमधल्या बाईसारखी हो म्हणाला.

हा दादा लोखंडाच्या गोदामात क्रेन चालवायचा. उंचावर बसून बसून त्याला खाली पाहून बोलायची सवय लागली होती. समोरच्याच्या डोळ्यांत न बघता पायांकडे बघून बोलायचा. बोलायचाही थोडंच. वहिनी मात्र दोघांचा कोटा एकटी पुरा करायच्या.

आम्हाला शिकवायला होते ते कोर्टातून निवृत्त झालेले सर. हडकुळे, शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावणारे. फळ्यावर त्यांनी पहिल्या दिवशी लिहिलं, ‘माहिती द्या, सल्ला देऊ नका.’ मग खडू खाली ठेवून म्हणाले, ‘दार कुठे आहे ते सांगणं ही माहिती. आत जा म्हणणं हा सल्ला. आत जा म्हणायचा अधिकार फक्त वकिलाचा. तुम्ही म्हणालात, तर माणूस बुडेल आणि तुम्हीही.’ शिवाय नातेवाइकांपासून सांभाळा, असंही त्यांनी बजावलं. आपला माणूस पक्षकार झाला की आपली जीभ सैल सुटते, म्हणाले.

पुरवणीने ते वहीत लिहून घेतलं, खाली रेघ मारली आणि पंधरवड्यात नियम मोडला.

वर्गाचा दुसरा भाग म्हणजे मदत केंद्रातलं काम. ज्यांना वकील परवडत नाही त्यांच्यासाठी एका जुन्या पोस्टाच्या इमारतीत हे केंद्र होतं. पोस्टाच्या खिडक्या तशाच होत्या, जाळीसकट. एका खिडकीत मी, शेजारच्या खिडकीत पुरवणी, आणि आतल्या खोलीत वकील मॅडम. लोक आधी आमच्याकडे येत, आम्ही हकिगत लिहून घेऊ, कागद लावू आणि आत पाठवू. एक दिवस घड्याळं दुरुस्त करणारे एक म्हातारे आजोबा आले. दुकानाच्या जागेवरून मालकाशी वाद. रडवेले झाले होते. पुरवणीचा जीव कळवळला. ती म्हणाली, आजोबा, घाबरू नका, तुमची बाजू भक्कम आहे, तडजोड करू नका. आजोबांनी तो शब्द गाठीला बांधला. पुढे मालकाने बरीशी दुसरी जागा देऊ केली तेव्हा ते अडून बसले, केंद्रातल्या बाईंनीच सांगितलंय म्हणाले. जागा गेली आणि देऊ केलेलीही गेली.

वकील मॅडम तिला आत घेऊन काय बोलल्या ते मला जाळीतूनसुद्धा ऐकू आलं. सरांनी तिच्याकडून हमीपत्र लिहून घेतलं. पुन्हा कुणाला सल्ला दिला तर प्रमाणपत्र मिळणार नाही, असं. पण तिला खरी शिक्षा आजोबांनी केली. ते पुन्हा केंद्रात आले, तिच्यावर रागावले नाहीत, नुसतं विचारलं, ‘तुम्हीच म्हणालात ना, भक्कम आहे म्हणून?’ त्या दिवसापासून पुरवणीने तोंडाला कुलूप घातलं. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. हिने तर ताकाचं भांडंच लांब ठेवलं. कुणी विचारलं, बाई, पाऊस येईल का, तरी ती म्हणायची, सांगता येत नाही. आम्ही हसायचो. ती हसत नसे.

दादाचं प्रकरण झालं ते त्यानंतर. गोदामात सळ्यांचा जुडगा क्रेनवरून सुटला आणि खाली उभ्या हमालाच्या पायावर पडला. ब्रेक ढिला असल्याचं दादाने सुपरवायझरला कितीदा तरी सांगितलं होतं, पण तोंडी. चौकशी झाली, सुपरवायझरने कानांवर हात ठेवले, आणि निष्काळजीपणाचा ठपका ठेवून दादाला कामावरून काढलं. नोकरी जाण्यापेक्षा त्याला तो शब्द लागला होता. निष्काळजी. इतकी वर्षं लोकांच्या डोक्यांवरून टनांनी लोखंड नेलं, कुणाच्या टोपीला धक्का लागला नाही. त्याला नोकरी परत हवी होती आणि तो शब्द पुसून हवा होता. हमालाला भेटायला दवाखान्यात तो रोज जायचा.

अशा हुकुमाविरुद्ध कामगार न्यायाधिकरणात अपील करता येतं, आणि तेही हुकूम हातात पडल्यापासून तीन महिन्यांच्या आत. मुदतीवर आमची त्याच आठवड्यात चाचणी झाली होती. पुरवणीने त्यात सगळ्यांत जास्त गुण मिळवले होते.

दुसऱ्या दिवशी केंद्रात चहा पिताना तिने मला सांगितलं की काल घरी तिची परीक्षाच झाली. जेवणं झाल्यावर दादाने तो हुकूम तिच्यासमोर ठेवला आणि विचारलं, आता काय करू? ती म्हणाली, मी सल्ला देऊ शकत नाही, तू वकिलाला भेट. दादा थोडा वेळ तिच्या पायांकडे बघत राहिला. मग म्हणाला, युनियनचा सेक्रेटरी म्हणतोय बोलणी करून मिटवू, आधी ते बघतो. आणि उठता उठता विचारलं, घाई नाही ना काही?

‘मग तू काय म्हणालीस?’ मी विचारलं.

‘म्हटलं, त्याबद्दल मी काही बोलू शकत नाही.’

सख्ख्या भावालासुद्धा, असं मी म्हणाले. ती म्हणाली, नियम तो नियम. त्या दिवशी तिचा चेहरा किती तरी दिवसांनी उजळलेला होता. आपल्याला जमलं, आपली जीभ आता आपल्या ताब्यात आहे, असं तिला वाटत होतं.

दादाने त्याचा अर्थ काय लावला, ते सांगायला वकील लागत नाही. आपली बहीण रात्रंदिवस कायदा वाचते. घाई असती तर बोलली असती. बोलली नाही, म्हणजे घाई नाही. तो निवांत झाला. सेक्रेटरी आज बोलतो, उद्या बोलतो करत राहिला. दादा सकाळी डबा घेऊन गेटवर जायचा, बाकीच्यांबरोबर उभा राहायचा, युनियनच्या सभांना बसायचा, दुपारी दवाखान्यात आणि संध्याकाळी घरी. पुरवणीला वाटत होतं, त्याने वकील गाठला असणार. ती विचारत नव्हती, कारण विचारलं की बोलणं निघणार, आणि बोलणं निघालं की सल्ला निघणार. एका घरात, एका पंगतीला बसून दोघं त्या विषयाला वळसा घालत होते. वहिनी मध्ये एकदा म्हणाल्या म्हणे, अहो, हिला नीट विचारा की. दादा म्हणाला, विचारलंय.

सेक्रेटरीने शेवटी हात वर केले तेव्हा तीन महिने उलटून वर आणखी दिवस गेले होते. दादा हुकूम घेऊन केंद्रात आला, बहिणीच्या खिडकीशी उभा राहिला आणि म्हणाला, आता दे वकिलाची गाठ घालून. पुरवणीने कागदावरची तारीख पाहिली. मी शेजारून तिच्याकडे पाहिलं. तिच्या हातातलं पेन खाली पडलं आणि ते उचलायला ती वाकली ती लवकर वर आलीच नाही.

वकील मॅडमनी तिला बाहेर थांबायला सांगितलं. नात्यातल्या माणसाचं काम करायचं नाही, हाही नियम. हकिगत लिहायला मला आत घेतलं. मॅडमनी हुकूम वाचला, बोटांवर महिने मोजले आणि चष्मा काढला.

‘इतके दिवस काय करत होता?’

दादा खाली बघत राहिला. मॅडमनी त्याला समजावलं की मुदत गेलीय, पण उशीर माफ करण्याचा अर्ज करता येतो. उशिराचं कारण मात्र द्यावं लागतं, शपथेवर, आणि ते पटण्यासारखं लागतं. कारण काय? दादाने एकदा दाराकडे पाहिलं. दाराबाहेर पुरवणी उभी होती, काचेतून तिची सावली दिसत होती.

‘आजारी होतो,’ तो म्हणाला.

मी मान वर केली नाही. पक्षकार सांगेल ते लिहायचं, एवढंच माझं काम. खरं काय ते मला माहीत होतं, पण चहाच्या टेबलावर ऐकलेलं हकिगतीत घालायला मी कोण? जिभेला नुसती आग लागली होती. मॅडमनी विचारलं, डॉक्टरांचा कागद आहे? तो म्हणाला, मिळवतो. मॅडमनी त्याच्याकडे टक लावून पाहिलं आणि खोट्या शपथेचे परिणाम काय होतात ते शांतपणे सांगितलं. दादा म्हणाला, लिहा तुम्ही. उद्या सकाळी येऊन सही करा असं ठरलं.

त्या संध्याकाळी घरी काय झालं ते पुरवणीने मला सकाळी सांगितलं. तिने दादाला विचारलं, कारण काय दिलंस? आजारपण, म्हणाला. ती म्हणाली, पण तू तर रोज गेटवर होतास. मग वहिनींचा बांध फुटला. त्या म्हणाल्या, ‘खिडकीत बसून साऱ्या गावाला मदत करतेस आणि घरातल्या माणसाला एक तारीख सांगता आली नाही? आम्ही काय परके होतो?’ दादाने वहिनींना गप्प केलं. मग पुरवणीला म्हणाला, ‘खरं लिहिलं तर तुझं नाव येणार. तुझं प्रमाणपत्र अडकणार. माझी नोकरी गेलीच आहे. घरात एकाचं तरी नीट होऊ दे.’

मला वाटतं, त्याने दोन थोबाडीत मारल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं.

सकाळी दादा सही करायला आला. प्रतिज्ञापत्र मी टाइप करून ठेवलं होतं, खाली त्याच्या सहीची जागा मोकळी. कुठल्याशा डॉक्टराचा कागदही त्याने पैदा केला होता. मॅडम अजून यायच्या होत्या. दादाने पेन मागितलं. पुरवणी आपल्या खिडकीतून उठली, आतल्या खोलीत आली आणि तिने तो कागद टेबलावरून उचलला.

‘दादा, यावर सही करू नकोस,’ ती म्हणाली. ‘हे टिकणार नाही. तू रोज गेटवर होतास, कंपनीच्या पहारेकऱ्याने तुला पाहिलंय, सभेच्या रजिस्टरवर तुझ्या सह्या आहेत. ते एका दिवसात खोटं पाडतील. मग निष्काळजीच्या जोडीला खोटारडा पण होशील. खरं लिही. मी सोबत माझं प्रतिज्ञापत्र देते.’

हा सल्ला होता. आत जा म्हणणं नव्हे, हात धरून आत ओढणं होतं. हमीपत्राला धरून पाहिलं तर तिचं प्रमाणपत्र तिथेच फाटलं. तिला ते कळत होतं.

दादाने पहिल्यांदाच मान वर करून तिच्या तोंडाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

‘एवढं सगळं येतं तुला बोलता,’ तो म्हणाला. ‘मग त्या दिवशी का नाही बोललीस?’

ती रडली नाही. मीच बाहेर जाऊन डोळे पुसून आले.

मॅडम आल्यावर आधीचा कागद रद्द झाला आणि खरं ते लिहिलं गेलं. युनियनच्या आश्वासनावर विसंबलो. घरात कायद्याचं शिक्षण घेणारी बहीण असून तिने मुदतीबद्दल काही सांगितलं नाही, म्हणून घाई नाही असं समजलो. सोबत बहिणीचं प्रतिज्ञापत्र. मॅडमनी पुरवणीला विचारलं, हे दिल्यावर वर्ग चालवणाऱ्या संस्थेला कळवावं लागेल, माहीत आहे ना? ती हो म्हणाली.

न्यायाधिकरणात तिची साक्ष झाली तेव्हा फायली धरायला मी मॅडमच्या मागे होते. खोली बेताची, खिडकीबाहेर कुणाची तरी मोटार सुरू होत नव्हती आणि तिचा आवाज आत येत होता. कंपनीच्या वकिलाने तिला फार छळलं नाही. त्याने एवढंच म्हटलं की भावाला वाचवायला बहीण काहीही सांगेल. मग पीठासीन अधिकारी बाईंनी स्वतःच प्रश्न विचारले. वयाने मोठ्या होत्या, आवाज मऊ होता.

‘तीन महिन्यांची मुदत तुम्हाला त्या दिवशी माहीत होती?’

‘हो.’

‘भावाने घाई आहे का असं स्पष्ट विचारलं होतं?’

‘हो.’

‘मग सांगितलं का नाहीत?’

‘मला वाटलं, तो सल्ला होईल.’

बाईंनी लिहिणं थांबवलं. ‘मुदत तर कायद्यात छापलेली आहे. ती सांगणं हा सल्ला कसा?’

पुरवणी उत्तर द्यायला तोंड उघडून उभी राहिली. सगळ्या परीक्षांत पुरवण्या भरभरून लिहिणारी बाई, तिला एक ओळ सुचेना. बाहेरची मोटार एकदाची सुरू होऊन निघून गेली तरी ती तशीच उभी होती. बाईंनी मग तिला बसायला सांगितलं आणि निर्णय राखून ठेवला.

आमच्या संस्थेने मात्र निर्णय राखून ठेवला नाही. पुरवणीचं प्रमाणपत्र रोखलं आणि मदत केंद्रातलं वर्षभराचं काम तिला पुन्हा करायला लावलं. आधी सल्ला दिला म्हणून हमीपत्र, मग माहिती दिली नाही म्हणून वर्ष. इकडे आड, तिकडे विहीर. मी भडकले. सरांकडे जाऊन मी नको ते बोलले. म्हटलं, फळ्यावर तुम्हीच लिहिलं होतं. ते ऐकून घेत राहिले. मग म्हणाले, ‘दार कुठे आहे ते सांगणं माहिती, तसं दार कधी बंद होतं ते सांगणंही माहितीच. हे वेगळं शिकवावं लागेल असं माझ्या कधी मनात आलं नाही.’ त्यांची वरची गुंडी त्या दिवशी उघडी होती. मला पुढे भांडता आलं नाही.

मला प्रमाणपत्र मिळालं, केंद्रातच नोकरी मिळाली. पुरवणी शेजारच्या खिडकीत, पुन्हा शिकाऊ. तिच्यात एक बदल झाला. समोर माणूस उभा राहिला की नाव-गाव विचारायच्या आधी ती विचारते, कागद हातात कधी पडला? मग हिशेब करून शेवटची तारीख मोठ्याने सांगते आणि त्या माणसाला ती म्हणून दाखवायला लावते. एकदा नाही, दोनदा. लोक वैतागतात. एक गृहस्थ म्हणाले, मी काय शाळेत आहे का? ती म्हणाली, हो, म्हणा. रांग लांबते, मॅडम कधी कधी आतून डोकावतात, पण तिला कुणी टोकत नाही.

घरी दादा तिच्याशी बोलतो. जेवायला ये, दिवा बंद कर, उद्या पाणी येणार नाही. भांडण कसलंच नाही. फक्त तो तिला काही विचारत नाही. मुलाच्या शाळेचा कागद आला तरी शेजाऱ्यांकडे नेतो. तो आता एका बांधकामावर वॉचमन आहे, जमिनीवर खुर्ची टाकून बसतो. हे सगळं ती मला सांगते तेव्हा तक्रार करत नाही, नुसती हकिगत सांगावी तसं सांगते, आणि मला तिचा राग येतो, दादाचा येतो, त्या फळ्याचासुद्धा येतो.

परवा दुपारी दादा केंद्रात आला. न्यायाधिकरणाचा हुकूम टपालाने घरी आला होता. पाकीट फोडलेलं, कागद घडी घालून खिशात. त्याचा चेहरा पाहूनच मला काय ते कळलं. उशीर माफ झाला नव्हता. पुरवणीच्या खिडकीशी कुणी नव्हतं. ती रिकामी बसली होती आणि त्याच्याकडेच बघत होती. माझ्या खिडकीशी मात्र माणसं होती. दादा त्या माणसांच्या मागे उभा राहिला. एक एक पुढे सरकत तो माझ्यासमोर आला आणि त्याने कागद जाळीखालून माझ्याकडे सरकवला.

‘मॅडमना द्यायचाय,’ तो म्हणाला. ‘आणि विचारायचं होतं, यावर अजून वर जाता येतं का?’

मला उत्तर माहीत होतं. जाता येतं, आणि तिथेही मुदत असते. शेजारच्या खिडकीत काही हालचाल नव्हती. मी कागद वाचला नाही. तसाच परत सरकवला आणि खिडकीची फळी खाली ओढली.

‘माझी खिडकी बंद झाली, दादा,’ मी फळीआडून म्हटलं. ‘शेजारी विचारा.’

त्याच्या मागे येऊन उभ्या राहिलेल्या माणसांनी आरडाओरडा केला, तो मी न ऐकल्यासारखा केला. दादा बराच वेळ हलला नसावा. मग त्याच्या चपलांचा आवाज आला, दोनच पावलं. आणि कागद जाळीखालून सरकल्याचा आवाज.

‘कागद हातात कधी पडला?’ पुरवणीने विचारलं. रोज सगळ्यांना विचारते तसंच, त्याच आवाजात.

‘काल.’

ती बोटांवर मोजत असणार. शेवटी दादाचाच आवाज आला, हलका, जेवणानंतर कागद पुढे ठेवला होता तेव्हा असेल तसा.

‘घाई आहे का?’

‘आहे,’ ती म्हणाली. तिने तारीख सांगितली. आवाज फुटला, म्हणून पुन्हा सांगितली. ‘म्हणून दाखव.’

दादाने तारीख म्हणून दाखवली.

‘पुन्हा म्हण,’ ती म्हणाली.